जौहर सर आणि काकूंचं दुखणं

जौहर सरांचं आडनाव जौहर नव्हतं, हे आम्हाला कॉलेजात बरेच दिवस काढल्यावर कळलं. तोवर आम्ही त्यांना तोंडावरसुद्धा ‘जौहर सर’ म्हणत होतो आणि तेही बिनतक्रार ‘ओ’ देत होते. तत्त्वज्ञानाच्या तासाला हा शब्द त्यांच्या तोंडी सारखा यायचा, म्हणून आधीच्या कुठल्यातरी वर्गाने तो त्यांना चिकटवला होता. आमच्यातल्या एका मुलाला पहिले काही तास वाटत होतं की सर रजपूत बायकांच्या जौहराबद्दल बोलतायत. त्याने तसं विचारल्यावर सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

“अहो, तो जौहर वेगळा. हा आपल्या गुलमंडीतल्या सराफांचा. जवाहीर म्हणता ना तुम्ही, त्याच घरातला. ज्याच्यात काही ऐवज आहे, जे दुसऱ्या कुणाच्या आधाराशिवाय आपल्या पायावर उभं आहे, ते जौहर. आता हे टेबल जौहर. टेबलाचा तपकिरी रंग मात्र अरज. रंग एकटा कुठं फिरताना पाहिलाय का? त्याला बसायला टेबल लागतं.”

“अर्ज, सर?”

“अर्ज नव्हे हो, अरज. कचेरीत देतात तो अर्ज.”

सर ग्रीकांचं तत्त्वज्ञान असं शिकवायचे. याचं कारण त्यांच्या शिक्षणात होतं. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकला, पुढे हैदराबादला गेला आणि तिथे त्याला उर्दू पुस्तकांतून ते दाढीवाले ग्रीक भेटले. जौहर, अरज, हयूला म्हणजे कच्चा माल, सूरत म्हणजे आकार, असे शब्द त्याने पाठ केले, पचवले. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं आणि पाठोपाठ भाषाही गेली. सर औरंगाबादला शिकवायला लागले तेव्हा उर्दूतून शिकायला मुलंच उरली नव्हती. मग त्यांनी सगळं इंग्रजीतून पुन्हा वाचलं आणि मराठीत शब्द शोधत बसले. त्यामुळे प्रत्येक कल्पना ते तीनदा सांगायचे, आधी उर्दूत, मग इंग्रजीत, मग मराठीत. “तीन दारं आहेत,” ते म्हणायचे, “कुठल्याही दारानं या. आत एकच माणूस बसलाय.”

तो माणूस म्हणजे त्यांचा ‘म्हातारा’. ज्या ग्रीक तत्त्ववेत्त्यावर त्यांचा सर्वांत जास्त जीव होता, त्याचं नाव ते परीक्षेपुरतंच घ्यायचे. एरवी ‘म्हातारा म्हणतो’, ‘म्हाताऱ्याला हे पटलं नसतं’, असं. जणू तो त्यांच्या गल्लीच्या टोकाला राहत होता आणि सकाळी दूध आणताना भेटला होता.

मी कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली. एम.ए.ला आम्ही मोजकेच विद्यार्थी, त्यात मुलगी मी एकटी. सर मला ‘शिंदेबाई’ म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. सुरुवातीला मला वाटायचं माझ्यामागे कुणी वयस्क बाई उभी आहे. त्यांच्या घरी जाणं-येणं वाढलं ते त्यांच्या पत्नीमुळे, काकूंमुळे. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, वर पत्रे, पुढे ओटा. मूलबाळ नव्हतं. काकू गंगापूरकडच्या, शाळा चौथीपर्यंत, बोलणं थेट रानातलं आणि हसणं त्याहून मोठं. “आलीस का गं शांता? ये, बस. ह्यांचा म्हातारा काय म्हणला आज?” असं त्या विचारायच्या. मी जे सांगेन ते जात्यावर बसल्यासारखं डोलत ऐकायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “लई रिकामा माणूस असंल बग तो.”

आमच्या वर्गाला सरांनी एकदा वेरूळला नेलं. दरवर्षीच नेत. इतर प्राध्यापक तिथे इतिहास सांगायचे. सर मात्र कैलास लेण्याच्या वरच्या कड्यावर आम्हाला उभं करायचे आणि खाली बघायला लावायचे. त्या दिवशी काकूही होत्या. दशम्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं घेऊन आल्या होत्या. थंडीचे दिवस, वर बोचरं वारं.

“गौर करा, नीट बघा,” सर म्हणाले. “इथं दगड आणून काही बांधलेलं नाही. इथला दगड फक्त काढलाय. म्हणजे हे देऊळ या डोंगरात आधीपासून होतं का? होतं म्हणावं तर दिसत नव्हतं. नव्हतं म्हणावं तर आलं कुठून? बाहेरून तर काही आणलं नाही. म्हातारा म्हणतो, होऊ शकणं हीसुद्धा असण्याचीच एक...”

तेवढ्यात काकू ओरडल्या. कुणीतरी पाठीत सुरा खुपसल्यासारखा तो आवाज होता. आम्ही वळून पाहिलं तर त्या खाली बसल्या होत्या, उजवा हात गालापासून वीतभर दूर धरलेला. गालाला हात लावायचा होता आणि लावतही येत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सर कड्यावरून धावत आले. पण कळ जशी आली तशी गेली. काकू आमच्याकडे बघून ओशाळल्यासारख्या हसल्या. “दाढ असंल. तुमचं चालू द्या.” सरांचं अर्धवट राहिलेलं वाक्य त्या दिवशी पुरं झालं नाही.

सगळ्यांनाच ती दाढ वाटली. दाताच्या डॉक्टरांनाही वाटली. त्यांनी ती काढली. कळ थांबली नाही, म्हणून शेजारची काढली. मग वरची. काकूंचा उजवा जबडा असा हळूहळू रिकामा होत गेला आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. बऱ्याच महिन्यांनी एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की दातांचा काही संबंधच नव्हता. चेहऱ्याची एक शीर बिघडली होती. वारा लागला, पाणी लागलं, घास चावला, कधी नुसतं बोललं तरी त्या शिरेतून वीज जायची. त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कळा कमी झाल्या, पण काकू दिवसभर पेंगायच्या, भिंत धरून चालायच्या. पुढे गोळ्यांचाही उपयोग होईना.

ते घर पार बदललं. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद, पंखा बंद. ओट्यावरची बैठक मोडली. काकू पातळ पेज चमच्याने डाव्या बाजूने तोंडात सोडायच्या, एका चमच्यानंतर दुसरा घ्यायला धीर गोळा करायच्या. मी जायची तेव्हा स्वयंपाकाला हातभार लावायची. त्यांचं ते मोठं हसणं बंद झालं, कारण हसलं की गाल हलायचा. एकदा मी भाजी चिरत असताना त्या हळूच म्हणाल्या, “शांता, इतक्यांदा झालं, पर सवय व्हत नाय बग. दर वक्ताला नवीच असती.”

नेमक्या त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला. समकालीन तत्त्वज्ञानाचा एक पेपर आला, विषय ‘अनुभवाची संकल्पना’, आणि शिकवायला दुसरं कुणी नसल्याने तो सरांच्या गळ्यात पडला. सरांना या नव्या लोकांबद्दल फारसा आदर नव्हता. “हे लोक जगाकडं पाठ करून बसलेत आणि स्वतःच्या मनाला विचारतायत, तुला काय वाटतं म्हणून,” असं ते म्हणायचे. त्यांच्या म्हाताऱ्याचा अनुभव साधा, कामाचा होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, ती आठवणीत साठते, साठून साठून तिचा अनुभव होतो, आणि अनुभवातून माणूस शहाणा होतो. गवंडी असाच गवंडी होतो, वैद्य असाच वैद्य होतो. नव्यांचं म्हणणं वेगळं. अनुभव म्हणजे तो ज्याला येतो त्याला आतून जसा वाटतो तो. बाहेरच्याने कितीही मोजमाप केलं, तरी ते आतलं ‘कसं वाटतं’ त्याच्या हाती लागत नाही.

सरांनी ती पुस्तकं नाइलाजाने उघडली आणि मग सोडवेनात. मी एकदा गेले तर ते काकूंच्या खाटेशेजारी पुस्तक घेऊन बसलेले. मला म्हणाले, “शिंदेबाई, म्हाताऱ्याचं इथं जमत नाही. हिला ही कळ हजारदा आली असेल. आठवणीत आहे, साठलीय. पण हजार कळांनी हिला काय शिकवलं? गवंडी हजार भिंतींनी तयार होतो. ही कशानं तयार झाली?”

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, “ते तुमचं अरज का काय, दुसऱ्यावर बसून ऱ्हातं म्हणता ते. दुखणं त्येच का?”

“हो. दुखणं अरजच.”

“मग माझ्याच बोकांडी का बसलंय? तुम्ही एवढे धडधाकट हाव.”

त्या थट्टेनेच म्हणाल्या होत्या. सर हसले नाहीत. या प्रश्नाचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं, वर्षानुवर्षं मुलांना लिहून दिलेलं होतं. अरज एका जौहरावरून उठून दुसऱ्यावर जात नाही. या टेबलाचा रंग त्या टेबलावर जाऊन बसत नाही, तिथे असेल तर तो दुसरा रंग असतो. परीक्षेत दर वर्षी येणारा प्रश्न. सरांनी पुस्तक मिटलं आणि ते काकूंच्या पायाशी पांघरूण सारखं करत बसले.

त्यानंतर सरांना एक नाद लागला. काकूंची कळ ओसरली की ते विचारायचे, “कशी होती? भाजल्यासारखी की कापल्यासारखी? आतून बाहेर येते की बाहेरून आत?” काकू आधी सांगायच्या. तापलेली सळई, मग बाभळीचा काटा, मग विजेची तार. सर प्रत्येक उपमेवर पुढचा प्रश्न काढायचे. एके दिवशी काकू भडकल्या. “रोज रोज काय इचारता? सांगून जातंय का ते? पाहिजे तर घ्या, आन् काय ते समजून घ्या येकदाचं!” बोलताना गाल हलला आणि कळ आली. सर तसेच उभे राहिले, हात पुढे केलेले, आणि कुठेही लावता न येणारे.

दुसऱ्या दिवशी सर तासाला आले नाहीत. दुपारी मी घरी गेले तर सर ओट्यावर बसलेले, गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा, सदऱ्यावर रक्ताचे डाग. त्यांची एक दाढ थोडी किडलेली होती. ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले आणि ती भूल न देता काढा म्हणून हट्ट धरून बसले. डॉक्टर तयार नव्हते. सर उठेनात. शेवटी वैतागून डॉक्टरांनी ती तशीच ओढली.

काकू दारात उभ्या होत्या. अंगात त्राण नसताना बाहेर आल्या होत्या, वारं असताना आल्या होत्या. “याड लागलंय ह्यांला, शांता,” त्या म्हणाल्या. पदराने गाल झाकून, ओठ न हलवता बोलायचा प्रयत्न करत होत्या. “मी म्हणले घ्या, तर घ्यायला गेले. आता मी कुणाकडं बघू? माझ्याकडं का ह्यांच्याकडं?” आणि त्या रडायला लागल्या. रडल्यावर जे व्हायचं तेच झालं. आम्ही दोघांनी त्यांना धरून आत नेलं.

मी निघताना सर माझ्यामागे ओट्यापर्यंत आले. बोळ्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. म्हणाले, “खूप दुखलं, शिंदेबाई. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण ते माझं दुखणं होतं. तिचं नाही मिळालं.”

पुढच्या आठवड्यात ते वर्गात आले आणि ग्रीकांची उजळणी सुरू केली. द्रव्य म्हणजे जौहर, गुण म्हणजे अरज, त्यांचा एकमेकांशी संबंध. त्या नेहमीच्या वाक्यापाशी आले, “गुण एका द्रव्यावरून दुसऱ्या द्रव्यावर...” आणि थांबले. आम्हाला वाटलं, मराठी शब्द शोधतायत. आम्ही पेन धरून बसलो. सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “हे तुमच्याकडं लिहिलेलं आहे. तेच वाचा.” तास संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

माझं एम.ए. झालं, जालन्याला नोकरी लागली. त्या काळात सरांनी काकूंना हैदराबादला नेऊन शस्त्रक्रिया करून आणली. डॉक्टरांनी ती शीरच निकामी केली. मी भेटायला आले तेव्हा काकूंचा अर्धा चेहरा बधिर होता. चहा पिताना उजवीकडून ओघळायचा आणि त्यांना कळायचं नाही, सर रुमालाने पुसायचे. गल्लीतल्या बायका येऊन सांगून गेल्या की आता सगळं छान झालं. मलाही तसंच वाटलं. खिडक्या उघड्या होत्या, पंखा फिरत होता.

सहा-सात महिन्यांनी काकू म्हणायला लागल्या की दुखतंय. त्याच जागी. त्या जागेला बोट लावलं तर कळत नव्हतं, टाचणी टोचली तर कळत नव्हतं, तरी आत दुखत होतं. आता वीज नव्हती. दिवसभर जळत राहायचं, न थांबता. यावर कुणाचा विश्वास बसेना. नात्यातल्या बायका आडून म्हणायच्या, तोंडावर तर काही दिसत नाही. सरांच्या बहिणीने तर समोरच म्हटलं, लेकरू-बाळ नाही, मन कशात गुंतणार, म्हणून हे खेळ. औरंगाबादच्या एका डॉक्टरांनी तपासून, रिपोर्ट पाहून सरांना बाजूला घेतलं. मी सोबत होते. ते सौम्यपणे म्हणाले, “सर, जिथे संवेदनाच नाही तिथे दुखेल कसं? हा मनाचा प्रकार आहे. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच त्यांना समजावा.”

जन्मभर पुराव्याशिवाय एक वाक्य पुढे जाऊ न देणारे सर त्या डॉक्टरांसमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ती म्हणते दुखतंय. दुखण्याला याच्यापलीकडं दुसरा पुरावा नसतो. औषध नसेल तर नाही म्हणा, मी ऐकून घेईन. पण दुखत नाही असं म्हणू नका.”

औषध नव्हतंच. त्या दिवसापासून सरांनी काकूंना काही विचारणं सोडलं. पुस्तकंही कमी केली. जळजळ वाढली की काकू खाटेवर डाव्या कुशीला वळायच्या आणि सर त्या बाजूला स्टूल घेऊन बसायचे. हातात हात घ्यायचे असंही नाही. नुसते बसायचे, कधी दुपार सरेपर्यंत. एकदा मी काकूंना म्हटलं, सरांना काही वाचून दाखवायला सांगू का? त्या म्हणाल्या, “नगं. बोलत नाहीत तेच बरं. जवळ हाय येवढं कळतं.” पण सरांना तेवढ्याने बरं वाटत नव्हतं. निवृत्तीनंतर ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला म्हणाले होते, “एवढं वाचलं, एवढं शिकवलं. त्यातलं चमचाभर तरी तिच्या उपयोगी पडायला पाहिजे होतं.”

काकू साध्या तापाने गेल्या. मला कळायला उशीर झाला. दहावा होऊन गेल्यावर मी पोचले. ओट्यावर सतरंजी होती, माणसं येत-जात होती. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, सुटली बिचारी. सर मान हलवत होते. एका गृहस्थाने तेच जरा जोर देऊन म्हटल्यावर सर त्यांना हळूच म्हणाले, “कशातून सुटली, ते तुम्हाला कळलं होतं का?” आणि लगेच, “माफ करा. तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात,” असं म्हणून त्यांनी त्यांना स्वतः पाणी आणून दिलं.

माणसं पांगल्यावर सरांनी मला आत बोलावलं. काकूंची खाट उचलून भिंतीला उभी केली होती. सर स्टुलावर बसले, मी खाली चटईवर.

“तुम्हाला एक सांगायचं होतं,” ते म्हणाले. “ती गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी उठून बसली. ताप उतरला होता. मला म्हणाली, आज दुखत नाय. मी म्हटलं, काय? म्हणाली, आज काईच दुखत नाय, भाकरी करा. मी भाकरी केली. तिनं दुधात कुस्करून खाल्ली, चतकोर खाल्ली असेल. हसली. पहिल्यासारखी हसली हो, तोंड उघडून.”

सरांनी भिंतीला उभ्या केलेल्या खाटेकडे पाहिलं.

“मी विश्वास ठेवला नाही, शिंदेबाई. मला वाटलं, हिला कळलंय आपलं काही खरं नाही, म्हणून ही माझ्यासाठी म्हणतीय. मी दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, कुठं कळ येते का म्हणून. तिनं ते पाहिलं. संध्याकाळी म्हणाली, आता तरी बघू नका असं. मग ताप चढला आणि बोलणंच झालं नाही.”

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

“तुम्हाला काय वाटतं? खरंच दुखत नसेल त्या दिवशी?”

“दुखत नसेल, सर,” मी म्हणाले.

“नसेल?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात कुणी न वाचता उत्तर दिलं की असेच पाहायचे. “नसेल की नव्हतं? तुम्ही आता शिकवता. विचार करून सांगा.”

मी विचार केला. मला काकूंचा चेहरा आठवायचा होता. पण त्या सकाळचा चेहरा मी पाहिलेलाच नव्हता. तो फक्त सरांनी पाहिला होता, आणि त्यांना त्यातून काही कळलं नव्हतं. शेवटी सरच म्हणाले, “राहू द्या. तुमची बस चुकेल.”

ते ओट्यापर्यंत सोडायला आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी हळूहळू चालत होते. वाटत होतं, काहीतरी सुचेल, आणि धावत मागे जाऊन त्यांना सांगता येईल. कोपऱ्यावर वळून पाहिलं तर सर अजून ओट्यावरच उभे होते, माझ्या दिशेने बघत. मग रिक्षा आली आणि मी बसले.